आढ्याला टांगलेला काटेमाठ

"औषधाचं नाव तेवढं सांगा, अक्का. बाकी मी काही विचारत न्हाई."

बसवंत बिरादार मठाच्या पायरीवर उभा होता. चपला काढायच्या राहिल्या होत्या.

गंगम्मा अक्का ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं. वर आढ्याला ज्वारीची कणसं टांगलेली होती. त्यांतलं एक त्यांच्या मांडीवर होतं.

"बस," अक्का म्हणाल्या.

"बसायला येळ न्हाई, अक्का."

"मग उभा राहा."

ही गोष्ट भाद्रपद वद्य षष्ठीची. वार शुक्रवार, दुपारचे तीन वाजत आले होते. मी त्याच ओसरीच्या कडेला खुरप्यांना मुठी बसवत होतो, म्हणून सगळं बोलणं माझ्या कानांवर पडलं. त्याच दिवशी ते लिहून ठेवलं.

करडखेडीच्या माळावर हा मठ आहे. मठाची जमीन तीन एकर. जुने स्वामी गेले, तेव्हापासून तीस वर्षं अक्काच मठ सांभाळतात. त्या प्रवचन करत नाहीत, कुणाला उपदेशही करत नाहीत. दर वर्षी मठाच्या ज्वारीतली चांगली कणसं बियासाठी आढ्याला टांगतात. रब्बीच्या पेरणीआधी गावातली माणसं येतात, त्या बियाची एक ओंजळ नेतात आणि आपल्या बियाण्यात मिसळतात.

कणीस निवडायला बसवंत याच ओसरीवर शिकला होता, अक्कांच्या हाताखाली. आता त्याचं वय पंचेचाळीस. मठाच्या रानाला लागून त्याची बारा एकर. मध्ये फक्त एक बांध.

"तुमच्या रानात तण म्हणून एक काटेमाठ न्हाई," बसवंत म्हणाला. "बांधाच्या अलीकडं माझं रान, पलीकडं तुमचं. वारा एक, पाऊस एक. यंदा तुम्ही मूग घेतला, ते सोडा. गेल्या साली तुमच्यातही सोयाबीनच होतं. तवाही एक झाड न्हवतं. मी बांधावर उभा राहून बघितलंय. तुम्ही काहीतरी मारता."

"मारतो की."

"तेच नाव सांगा."

अक्कांनी कणसाचा एक दाणा काढला. दाताखाली धरला. कट्ट असा आवाज आला.

"तुझ्या रानात काय झालंय, ते आधी सांग."

"कमरेएवढा झालाय माठ. बांधावरून बघितलं तर वाटतं, बसवंतानं यंदा माठच पेरलाय. तुरे आलेत. आठ-दहा दिवसांत सगळं बी खाली पडतंय."

"मग?"

"पंधरा दिवसांनी हार्वेस्टर येतोय. दर सालचा नेम हाय, आधी माझं रान, मग गावाचं. माझ्या रानातलं बी त्या मशीनच्या पोटात बसून घरोघरच्या शेतात जाणार. आन् मी..."

"आन् तू?"

"मी गावाचा तणाचा डॉक्टर."

अंगणात कुणीतरी फसकन हसलं.

कोंडाबाई होती. खुरपणीला जाणाऱ्या बारा बायकांच्या टोळीची ती म्होरकी. त्या दुपारी ती मठाचे मूग काठीनं बडवत होती. हसून झाल्यावर तिनं पदर तोंडाला लावला आणि पुन्हा काठी उचलली.

बसवंतानं तिकडं बघितलं नाही.

त्यानं जे सांगितलं, ते थोडक्यात असं. आठ वर्षांपूर्वी त्यानं गावात पहिल्यांदा सोयाबीनवर तणनाशक मारलं. दहा दिवसांत रान सारवलेल्या अंगणासारखं झालं. तीन गावची माणसं बघायला आली. त्यानं सगळ्यांना बाटली दाखवली, टोपणानं मोजून कसं घालायचं ते शिकवलं. तेव्हापासून गावातली चाळीस घरं त्याच्या शब्दावर तीच बाटली आणतात.

"पहिल्या साली पंपाला एक टोपण," बसवंत म्हणाला. "तिसऱ्या साली दीड. मग दोन. गेल्या साली तीन, तेही दोनदा. यंदा मारलं तर चार दिवस पानं पिवळी पडली. पाचव्या दिवशी हिरवीगार. औषध मारलं की खत घातलं, तेच कळंना."

"कुणाला सांगितलंस हे?"

"न्हाई."

"घरात?"

"घरातही... न्हाई."

अक्कांनी मान हलवली.

"पहिल्या फवाऱ्यात किती मेलं होतं रे?"

"शंभरात नव्याण्णव," बसवंत चटकन म्हणाला. त्याचा आवाज जरा मोठा झाला. "मी मोजलं होतं, अक्का. चार जागी सुतळीनं चौकोन आखले होते. वहीत लिहिलेलं हाय."

"आन् ते एक?"

"कुठलं एक?"

"शंभरातलं."

"एकाला कोण विचारतं?"

अक्कांनी मांडीवरचं कणीस सुपात ठेवलं.

कोंडाबाईची काठी मात्र थांबली होती.

"तुझे हात रिकामेच हायत," अक्का म्हणाल्या. "माझी नजर आता पुरत न्हाई. वर चाळीस कणसं हायत. त्यातली बारा बियाला काढून दे. मग नाव सांगते."

"आत्ता?"

"नाव उद्या हवं असलं तर उद्या काढ."

बसवंतानं चपला काढल्या. ओसरीवर आला. कणसं एकेक करून खाली घेऊ लागला.

घाईत आलेला माणूस हळूहळू शांत होत गेला. तो कणीस आधी तळहातावर तोलायचा, मग उजेडाकडं धरून फिरवायचा, मग अंगठ्यानं एक दाणा दाबायचा. एका कणसात त्याला काणी रोगाचा काळा दाणा दिसला, ते त्यानं दूर ठेवलं. एकाचा शेंडा पोचट होता, तेही गेलं. मग त्यानं एक भलंमोठं कणीस उचललं आणि न बघताच बाजूला टाकलं.

"अहो अप्पा!" कोंडाबाई अंगणातून ओरडली. "काय करलालाव? सगळ्यांत मोठं तेच हाय की!"

"मोठं हाय म्हणूनच टाकलं, मावशी. देठ बघा, केवढा जाड. हे पाटाच्या कडेला वाढलंय. लाडाचं लेकरू. ह्याची पोरं जिराईत रानात गेली की रडत बसणार."

"मग कुठलं घेणार?"

"हे बघा." त्यानं एक बेताचं, घट्ट कणीस वर धरलं. "हे मुरमाडावरचं. गेल्या साली मुरमाडावर ओल न्हवती, वर मावा येऊन चिकटा पडला. आजूबाजूची धाटं वाळून गेली असणार. आन् हे तरी भरलं. असं बी धरायचं. मार खाऊन उभं राहिलेलं."

"एकदा धरलं की झालं का?" अक्कांनी विचारलं.

बसवंत हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

"तुम्हीच शिकवलं आन् मलाच विचारता? एकदा धरून काय होतंय? दर साली धरायचं. जे मार खाऊन उरलं, त्याचंच बी. पुढल्या साली पुन्हा मार, पुन्हा जे उरलं त्याचंच बी. कच्चं मरतं, पक्कं राहतं. सहा-सात सालांत वाण असं बसतं की बघायला नको."

"आन् आठव्या साली?"

"आठव्या साली त्याला काही होत न्हाई!"

हे त्यानं एवढ्या आनंदात सांगितलं की कोंडाबाईनं माझ्याकडं बघितलं आणि मी मुठीकडं बघितलं.

"बारा झाली?" अक्का म्हणाल्या.

"झाली. आता नाव."

"तेरावं आण."

"तुम्ही बाराच म्हणाला होता."

"तेरावं तुझ्या रानातून आण. काटेमाठाचं. सगळ्यांत जोरकस जे असेल, ते."

बसवंत त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला.

"अक्का, चेष्टा करता का?"

"टॉवेलात गुंडाळून आण. वाटेत एक दाणा सांडायचा न्हाई."

तो गेला. मला वाटलं, परत यायचा नाही. कोंडाबाईलाही तसंच वाटलं, ती तसं म्हणालीही. अक्का सुपातला कोंडा पाखडत बसल्या.

अर्ध्या तासानं तो आला. खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेलं झाड, खाली लाल, जाड खोड बाहेर आलेलं. उजव्या अंगठ्यातून रक्त येत होतं. काटेमाठाचे काटे पानाच्या बगलेत असतात, दिसत नाहीत.

अक्कांनी ओसरीवर धुतलेलं पांढरं लुगडं अंथरायला लावलं. मला स्टूल धरायला सांगितलं. माझ्या डोक्यावर हात टेकून त्या वर चढल्या आणि ज्या खिळ्यावरून बसवंतानं मघाशी मुरमाडावरचं कणीस काढलं होतं, त्याच खिळ्याला त्यांनी तो काटेमाठ सुतळीनं उलटा बांधला. दोन गाठी मारल्या. खाली उतरल्या.

झाड हललं तसं लुगड्यावर बारीक काळं बी पडलं. मोहरीहूनही बारीक, चकचकीत. फार नव्हतं. तुऱ्यातलं बरंचसं अजून हिरवंच होतं. तरी मी एका चिमटीतलं मोजलं. एकशे चाळीस भरलं.

"हे काय, अक्का?" बसवंत म्हणाला.

"बी."

"हे... हे तण हाय."

"तूच सांगितलंस की आत्ता. दर साली मार द्यायचा. कच्चं मरतं, पक्कं राहतं. जे उरलं त्याचंच बी धरायचं." अक्कांनी सूप भिंतीला टेकवलं. "आठ सालं धरलंस, बसवंत. एक साल चुकवलं न्हाईस. एवढं निवडून मीसुद्धा कधी बी धरलं न्हाई."

बसवंत वर बघत राहिला. आढ्याला ज्वारीची पंचवीस कणसं उरली होती. त्यांच्या शेजारी तो माठ. सगळ्यांत टपोरा.

...

मग तो बसला. जिथं उभा होता तिथंच, भिंतीला पाठ लावून.

"ते एक," तो म्हणाला.



"पहिल्या साली शंभरात एक राहिलं. मी त्याला..." त्यानं अंगठा तोंडात धरला, रक्त थुंकलं. "मी त्याच्या शेजारून चालत गेलो, अक्का. लोकांना रान दाखवत होतो. एकानं विचारलंही, हे कसं राहिलं? मी म्हणालो, राहू दे, बिचारं एकटं काय करणार."

कोंडाबाई हसली नाही.

"बरं," अंगठा पुसत बसवंत म्हणाला. "चुकलं. आता ह्याहून जालीम औषध असेल तर सांगा."

"ते मारलंस की शंभरातलं कितीक मरेल?"

"नव्याण्णव." मग तो स्वतःच थांबला. "...आन् एक राहील."

"मग?"

"मग ते चालणार न्हाई का?"

"चालेल की. न चालायला काय झालं?"

"तुम्ही आत्ताच म्हणाला..."

"मी काहीच म्हणाले न्हाई. तूच म्हणालास."

बसवंतानं दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. "मग तुम्ही काय मारता, ते तरी सांगा! तुम्ही कबूल केलंय. बारा कणसं काढली, तेरावंही आणलं."

"आम्हीही फवारा मारतो," अक्का म्हणाल्या. "एक साल आड. तोच पुन्हा न्हाई. एक साल सोयाबीन, एक साल मूग, मागं ज्वारी. कधी पेरा आठ दिवस मागं ठेवतो, आधी उगवलेलं तण वखरानं मारतो आन् मग पेरतो."

"एवढंच?"

"आन् फवारा मारला की पाचव्या दिवशी कोंडा रानात उतरते."

"मेलेलं बघायला?"

"न मेलेलं बघायला."

बसवंतानं पहिल्यांदा कोंडाबाईकडं नीट बघितलं.

"किती सापडतं, मावशी?"

"कधी धा. कधी ईस. गेल्या साली तीन एकरांत चार सापडली." कोंडाबाईनं काठी खाली ठेवली. "उपटायची, गोणीत घालायची, बाहेर न्यायची. त्याला काय डाक्टर लागतोय?"

बसवंत ओशाळला. पण उठला नाही. खरी अडचण त्यालाही कळली होती आणि आम्हालाही. बारा एकर, कमरेएवढा काटेमाठ, आठ दिवस. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हतं. त्याला टोळी हवी होती. आणि करडखेडीत टोळी एकच होती.

"मावशी," तो म्हणाला, "तुमच्या बायका येतील का? उद्यापास्नं?"

"कशानं यायचं? खुरपी कुठंयत आमची?"

"म्हणजे?"

"इसरलाव व्हय, अप्पा?" कोंडाबाई ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली. "आठ सालं झाली. आम्ही बाराजणी तुमच्या बांधावर आलो होतो, खुरपणी कवा धरायची इचारायला. तुम्ही बाटली वर धरून म्हणलाव, आता खुरपी देव्हाऱ्यात ठेवा आन् दसऱ्याला पूजा करा."

बसवंताची मान खाली गेली.

"मी ठिवलं की. मोठ्या माणसाचा शब्द. माझं खुरपं आठ सालं झाली देव्हाऱ्यातच हाय. दर दसऱ्याला हळद-कुंकू लावते. नातवंडं इचारतात, आज्जे, हा कुठला देव? मी म्हणते, बिरादाराच्या रानातला."

मला हसू आवरेना. अक्कांच्या सुरकुत्याही हलल्या. बसवंत एकटाच हसला नाही.

"मी चुकलो, मावशी," तो म्हणाला. आवाज फार बारीक झाला होता. "मठातली ही खुरपी घ्या. तुम्ही म्हणाल ते..."

"पैशाचं बोलू नका. गावचा जो भाव, तो भाव. माझं दुसरंच हाय." कोंडाबाईनं त्याच्या अंगठ्याकडं बोट दाखवलं. "बाराजणींच्या बारा पाती, एकेकीची एक ओळ. तेरावी पात तुमची. आमच्या बरोबरीनं धरायची. मागं छत्री घेऊन उभं राहायचं न्हाई."

बसवंतानं अक्कांकडं बघितलं.

"लोक काय म्हणतील?" तो म्हणाला. "डॉक्टर खुरपायला लागला म्हणतील. शिवाय हार्वेस्टरवाल्याला सांगावं लागेल, माझं रान शेवटी घे, मशीन झाडून घे. तो विचारणार, का? मग सगळ्या गावाला कळणार. चाळीस घरं माझ्या शब्दावर... उद्या मला कोण विचारील, अक्का?"

अक्का उठल्या. आत गेल्या. तांब्याभर पाणी आणलं, त्याच्या अंगठ्यावर ओतलं. मग त्या अंगठ्याला जुन्या लुगड्याची एक चिंधी गुंडाळली. गाठ मारताना म्हणाल्या,

"ते एक तुला दिसलं होतं. तुला विचारणाऱ्यालाही दिसलं होतं..."

"हो."

"तवा तू डॉक्टर होतास?"

बसवंत उठला. त्यानं खाली अंथरलेलं लुगडं चारी कोपऱ्यांनी उचललं, त्यातलं काळं बी एका कागदात झटकलं, कागदाची पुडी बांधली आणि खिशात घातली. एक दाणा फटीत पडला होता. तो त्यानं नखानं काढला.

"येतो," म्हणाला. चपला घातल्या आणि गेला.

तो शनिवारी सकाळी पारावर गेला, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. सात-आठ माणसं बसली होती. त्यानं खिशातली पुडी उघडली आणि सांगितलं की माझ्या रानात माठ मरत नाही, आठ वर्षं मीच तो वाढवला, यंदा माझं रान शेवटी कापायचं आणि मशीन बाहेर काढण्याआधी मी स्वतः झाडणार.

माणसं पुडीवर वाकली म्हणे.

मग हणमंत लोणे म्हणाला, "अप्पा, माझ्यातही दोन एकरांत हाय. मला वाटलं, माझंच टोपण चुकलं."

मग दुसरा म्हणाला. मग तिसरा. पाच जणांच्या रानात तो होता. प्रत्येकाला वाटत होतं, फवारा आपलाच चुकला. कुणी डॉक्टरला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती.

त्याच सकाळी कोंडाबाई माझ्याकडं आली. तिच्या पदराखाली ते देव्हाऱ्यातलं खुरपं होतं. पात्यावर कुंकवाचा जाड थर. मूठ कुजून गेली होती.

"मूठ बसव," ती म्हणाली. "जरा जाड. पुरुषाच्या हाताची."

मी बाभळीची बसवली. कुंकू पुसलं नाही.

ते खुरपं तिनं बसवंताला दिलं.

पहिल्या दिवशी तो टोळीच्या चाळीस पावलं मागं राहिला. बायकांनी त्याच्यावर गाणं रचलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी वीस पावलं. तिसऱ्या दिवशी हणमंत लोणे आणि त्याची बायको आली. आज तुमच्यात, उद्या आमच्यात, असं ठरलं. हातांना चिंध्या गुंडाळायच्या, खुरप्यानं बुड मोकळं करायचं, झाड मुळासकट उपटायचं, तुरा आधी गोणीत आणि मग खोड. भरलेल्या गोण्या बांधाबाहेरच्या खड्ड्यात. बारा एकरांत अडुसष्ट गोण्या निघाल्या. थोडं बी खाली पडलंच. तुरे पिकलेले होते, तिथं कुणाचाच इलाज नव्हता.

आठव्या दिवशी अक्का काठी टेकत बांधावर आल्या. मी बरोबर होतो.

सोयाबीनचं रान पिवळं पडायला लागलं होतं. शेंगा दिसत होत्या. आता ते सोयाबीनचंच रान दिसत होतं.

बसवंत रानात एकटाच फिरत होता, ओळीमागून ओळ, वाकून. अक्कांना बघून बांधाकडं आला. हातावर खरचटल्याच्या खपल्या होत्या. खुरप्याची मूठ घामानं काळी झाली होती.

"झालं, अक्का," तो म्हणाला. "काल पुन्हा सगळ्या ओळी फिरलो. आज तिसऱ्यांदा फिरलो. सात सापडली."

"मोजलीस?"

"मोजली."

"मेलेली?"

"जिवंत."

अक्कांनी मान हलवली.

तो पलीकडं बघत होता. शेजारच्या रानात टोळी उतरली होती आणि कोंडाबाईचा आवाज इथपर्यंत येत होता. हणमंताला पात सरळ धरता येत नव्हती, त्यावरून चाललं होतं.

"आढ्यावरचा तो माठ काढून टाकू का?" बसवंत म्हणाला.

"राहू दे."

"पडलेलं बी मातीत किती सालं टिकतं, अक्का?"

"मी आल्यापास्नं तरी हायच."

तो हसला. मग गंभीर झाला. खुरप्याच्या टोकानं बांधावरची माती उकरत राहिला.

"पुढल्या साली हार्वेस्टर शेवटी, पीक बदलणार, औषध बदलणार, पेरा मागं ठेवणार. टोळीला आत्ताच सांगून ठेवलंय. एवढं सगळं केलं..." त्यानं वर बघितलं. "एवढं सगळं केलं, तर मग येणार न्हाई ना तो?"

अक्कांनी खाली वाकून बांधावरचं काहीतरी चिमटीत धरलं, उपटलं. काटेमाठाचं दोन पानांचं रोप होतं. ते त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवलं.

"येईल की," त्या म्हणाल्या. "...तूपण ये."